घरून काम: कार्यालये पुन्हा उघडण्यापूर्वी अटी लेखी ठरवून घ्याव्यात का?

मृण्मयी_कोथरूड | २३ ऑगस्ट २०२१

नमस्कार मंडळी,

पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभागात मी काम करते आणि एका लहान चमूची जबाबदारी माझ्याकडे आहे. मार्च २०२० पासून आमचा सगळा चमू घरूनच काम करीत आहे. आता दिवाळीनंतर आठवड्यातील दोन दिवस कार्यालयात आणि तीन दिवस घरी अशी व्यवस्था येईल, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. म्हणजे घरून काम करणे ही आणीबाणीतील सोय न राहता नोकरीचा कायमचा भाग होणार आहे. टीसीएससारख्या कंपनीने तर २०२५ पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्के कर्मचारी कार्यालयात असावेत, असे धोरण एप्रिल २०२० मध्येच जाहीर केले होते. ही व्यवस्था कायमची होणार असेल तर ती कोणत्या अटींवर, याबद्दल मात्र सगळीकडे अळीमिळी गुपचिळी आहे, म्हणून हा धागा.

राज्यातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. १३ मार्चला राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला, २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. त्या पंधरवड्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कंपन्यांनी जी धावपळ केली ती खरोखर कौतुकास्पद होती. ज्यांच्याकडे लॅपटॉप नव्हते त्यांचे डेस्कटॉप टेम्पोत घालून घरोघरी पोहोचवले गेले. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी असाच एक टेम्पो थांबला होता. वॉचमन गाडी आत सोडेना, तेव्हा समोरच्या इमारतीतील एक तरुण मॉनिटर छातीशी धरून आणि कीबोर्डची वायर गळ्यात अडकवून चार मजले चढून गेला. त्या प्रत्येक यंत्रावर कंपनीच्या मालमत्तेचा क्रमांक असलेला स्टिकर होता आणि ते ताब्यात देताना सही घेतली गेली होती. टेबल, खुर्ची, वीज, इंटरनेट, खोली आणि घरच्यांची शांतता या गोष्टीही त्याच दिवशी कंपनीच्या कामाला लागल्या, परंतु त्यांची नोंद कोणत्याच कागदावर झाली नाही.

मार्च २०२० मध्ये हे योग्यच होते. त्या वेळी अटींचा घोळ घालत बसलो असतो तर काम थांबले असते आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. पण तेव्हाचा समजूतदारपणा दीड वर्षानंतरही गृहीत धरला जात आहे, हे मला खटकते.

सर्वांत मोठा फरक मला वेळेच्या बाबतीत जाणवतो. हिंजवडीहून कोथरूडकडे येणारी आमची कंपनीची बस संध्याकाळी सव्वासहाला सुटत असे. सहा वाजून पाच मिनिटांनी बैठकीतून उठताना ‘माझी बस आहे’ एवढे म्हटले की कोणी, अगदी ग्राहकाकडील माणूससुद्धा, हरकत घेत नसे. त्यासाठी घरची अडचण सांगावी लागत नव्हती की कोणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती. आमच्या कामाच्या तासांना मर्यादा होती ती कोणत्या नियमामुळे किंवा एखाद्या वरिष्ठाच्या चांगुलपणामुळे नव्हे, तर बसच्या वेळापत्रकामुळे होती, हे बस बंद झाल्यावर लक्षात आले. आता अमेरिकेतील ग्राहकाबरोबरची बैठक साडेसहाला सुरू होऊन साडेआठपर्यंत लांबते, कारण सगळे घरीच आहेत असे धरलेले असते. ती वेळ नेमकी स्वयंपाकाची, मुलाच्या अभ्यासाची आणि सासूबाईंच्या औषधांची असते. सकाळचीही तीच गत आहे: कुकर लावून नऊच्या कॉलला बसायचे, तिसरी शिट्टी झाली की माइक बंद करून गॅस बंद करायला धावायचे आणि परत येऊन आपले नाव पुकारले गेले होते का, याचा अंदाज घ्यायचा. माझ्या चमूतील पुरुष सहकाऱ्यांपैकी बहुतेकांना दार लावून घेता येते, स्त्रियांपैकी फारच थोड्यांना. टाळेबंदीत सोसायट्यांनी कामवाल्या मावशींना आत येऊ देणे बंद केले तेव्हा ती कामे कोणी करायची याची जी वाटणी घराघरांत झाली, ती मावशी परत आल्यानंतरही पूर्णपणे मोडलेली नाही.

खर्चाचा मुद्दा त्यानंतर येतो, पण तोही लहान नाही. गेल्या वर्षी मीटरचे रीडिंग थांबल्यामुळे सरासरीने बिले आली आणि जूनमध्ये साचलेल्या महिन्यांचे एकत्रित बिल हातात पडले, तेव्हा राज्यभर ओरड झाली. त्या बिलातील काही भाग कार्यालयाच्या कामाचा होता, हे मात्र आमच्यापैकी कोणी कंपनीला विचारले नाही.

आपल्याकडे याबाबत काही ठरले आहे का? ठरले असेल तर ते लेखी आहे का?

अपडाउन_डोंबिवली | २३ ऑगस्ट २०२१

मृण्मयीताई, तुमची कळकळ पटते, परंतु बसच्या मुद्द्याची दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मी लोअर परळ येथील एका विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. डोंबिवलीहून जाण्यायेण्यात दिवसाचे तीन ते साडेतीन तास जात. ते तास कोणत्याही कंपनीने कधी कामाचे तास म्हणून धरले नाहीत आणि लोकलच्या दारात लोंबकळण्याचा धोका कोणी भरून दिला नाही. घरून काम करताना पदरमोड होते हे खरे, पण कार्यालयात जाणे हीसुद्धा पदरमोडच होती. फक्त तिची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय झाली होती. माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. पूर्वी तिची आणि माझी जागेपणी भेट रविवारीच होत असे.

तरीही अटी लेखी असाव्यात, हे तुमचे म्हणणे मला माझ्या सध्याच्या अडचणीमुळे मान्य आहे. लोकल २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून बंद झाल्या आणि १५ जूनपासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. या वर्षी १ फेब्रुवारीपासून सर्वांना प्रवासाची मुभा मिळाली, पण पहाटेपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. साडेनऊला कार्यालयात पोहोचणाऱ्या माणसाला त्यातील कोणतीच वेळ उपयोगाची नव्हती. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत तीही मुभा गेली. आता १५ ऑगस्टपासून दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना पास मिळू लागला आहे. मी चाळिशीच्या आतला आहे. आमच्या वयोगटाचे लसीकरण १ मे रोजी सुरू झाले, पण लस मिळेपर्यंत जुलै उजाडला, आणि कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये आता किमान बारा आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. म्हणजे माझी दुसरी मात्रा ऑक्टोबरमध्ये होईल आणि रेल्वेचा पास त्यानंतर दोन आठवड्यांनी मिळेल. आमच्या कार्यालयाने मात्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून हजर राहण्यास सांगितले आहे. शिळफाट्यावरून रस्त्याने जायचे तर सकाळीच दोन तास मोडतात आणि शेअर टॅक्सीचा खर्च माझ्या पगाराला झेपणारा नाही. कसे यावे, याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची, हे कोणीच सांगत नाही.

जागेबद्दलही सांगतो. आमचे घर वन आरके आहे. वडील आजारी असतात, त्यामुळे खाटेच्या बाजूचा कोपरा त्यांचा आणि खिडकीखालचा माझा. गेल्या वर्षी १२ ऑक्टोबरला सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई परिसराची वीज गेली, तेव्हा आमचा संपूर्ण विभाग एकाच क्षणी दिसेनासा झाला. त्या दिवशीचे प्रलंबित दावे आम्ही रात्री जागून संपवले. कार्यालयात जनरेटर होता. घरी तो नसणे हा कर्मचाऱ्याचा दोष धरला जाऊ नये, एवढेही लेखी असते तर पुरे होते.

जाता जाता एक गोष्ट मनापासून नोंदवतो. माझा डबा पोहोचवणारे काका जुन्नर तालुक्यातील. मार्च २०२० मध्ये डबेवाल्यांची सेवा थांबली आणि मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागांतील ती मंडळी गावी परतली. आमचे काम घरी आले, त्यांचे गेले.

सई_मुलुंड | २३ ऑगस्ट २०२१

कॅमेरा सुरू ठेवण्याच्या सक्तीबद्दलही काही ठरले पाहिजे. आमच्याकडे सकाळच्या बैठकीत प्रत्येकाने चेहरा दाखवलाच पाहिजे असा आग्रह असतो. एका खोलीत मी, दुसरीत ऑनलाइन शाळेत बसलेली दोन मुले आणि माझ्या पाठीमागून स्वयंपाकघरात ये-जा करणारे सासरे, अशा घरात तो आग्रह जाचक होतो. घरातील वडीलधाऱ्यांना स्वतःच्याच घरात चोरट्यासारखे वावरावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

शाखा_सातारा | २४ ऑगस्ट २०२१

मी एका बँकेच्या ग्रामीण शाखेत अधिकारी आहे. आमच्यासाठी घरून काम हा पर्याय कधीच नव्हता, म्हणून येथे लिहावे की नाही असा विचार करीत होतो. परंतु महामारीतील कामाबद्दलची चर्चा केवळ लॅपटॉपवाल्यांपुरती राहू नये असे वाटते.

एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा होत होते. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस ठरवून दिले होते. प्रत्यक्षात पैसे परत जातील अशी धास्ती अनेक बायकांना होती, त्यामुळे अंक कोणताही असला तरी त्या पहिल्याच दिवशी येत. शाखेच्या बाहेर चुन्याचे गोल आखलेले, डोक्यावर ऊन, आणि पलीकडच्या वाडीवरून चालत आलेली म्हातारी गोलात चप्पल ठेवून झाडाखाली सावलीला बसलेली. अंगठा लावण्याचे यंत्र प्रत्येक वेळी पुसायचे, काचेपलीकडून ओरडून बोलायचे आणि संध्याकाळी घरी गेल्यावर अंगणातच अंघोळ करून मग आत जायचे. आमच्या रोखपालांनी तर दोन महिने गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळे राहून काढले, कारण घरात गरोदर सून होती.

घरून काम करणाऱ्यांच्या अडचणी लहान आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. फक्त जेव्हा तुम्ही अटी मांडाल, तेव्हा तुमच्याच कार्यालयातील सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, बसचे चालक आणि कँटीनमधील मुले यांचाही त्यात विचार व्हावा. हिंजवडीतील मेस आणि खाणावळी चालवणारे आमच्या भागातील अनेक जण गाशा गुंडाळून परत आले आहेत. कर्जाच्या हप्त्याची सवलत मागायला ते आमच्याकडेच येत होते.

मृण्मयी_कोथरूड | २४ ऑगस्ट २०२१

शाखा_सातारा, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. आमच्या बसच्या चालकांचे कंत्राट मे २०२० मध्ये संपवले गेले, हे मला आमच्या मार्गावरील चालकदादांचा फोन आला तेव्हा कळले. कंपनीच्या कोणत्याही पत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. दोन दिवसांची हजेरी सुरू होईल तेव्हा जुन्या चालकांना प्राधान्य द्यावे, ही मागणी आम्ही आमच्या पत्रात नक्की घालू.

अपडाउन_डोंबिवली, प्रवास हीसुद्धा पदरमोड होती हे आपले म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारते. कार्यालय चांगले आणि घर वाईट असे मला म्हणायचे नाही. बसमुळे मिळणारी मर्यादा प्रवासाचा त्रास न होता कशी मिळवता येईल, हा माझा प्रश्न आहे, आणि ती आता कोणीतरी जाणीवपूर्वक घालावी लागेल असे मला वाटते.

दापोलीकर | २४ ऑगस्ट २०२१

मी मे २०२० मध्ये ई-पास काढून मुंबईहून दापोली तालुक्यातील माझ्या गावी आलो आणि तेव्हापासून येथूनच काम करतो. पहिले चौदा दिवस गावाच्या नियमाप्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरणात होतो. दुसरीच्या वर्गातील बाकावर लॅपटॉप आणि मागे भिंतीवर बाराखडी, अशा अवस्थेत मी एका जपानी ग्राहकाचे मासिक अहवाल पूर्ण केले. गावातील मुले खिडकीबाहेर उभी राहून पाहत असत, पण एकाही बैठकीत त्यांनी आवाज केला नाही.

त्यानंतर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. ते श्रीवर्धनजवळ दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले आणि दापोली-मंडणगड पट्ट्याचीही त्याने धूळदाण केली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब रांगेने कोसळले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. वीज यायला काही गावांत आठवडे लागले. वादळानंतर मी जिवंत असल्याचे कार्यालयाला कळवण्यासाठी मला दुचाकीवरून, जेथे रस्ता होता तेथवर, खेडच्या दिशेने जावे लागले. संपर्क झाल्यावर वरिष्ठांनी पहिला प्रश्न प्रकृतीचा विचारला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु ते दिवस माझ्या रजेतून वजा झाले, कारण ‘काम करता येण्यासारखी जागा निवडण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची’ असे मनुष्यबळ विभागाचे उत्तर होते. जागा निवडण्याचे स्वातंत्र्य आणि त्या जागेचा सगळा धोका या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, हे मला तेव्हा कळले. या वर्षी मेमध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा मी आधीच इन्व्हर्टर, जादा बॅटरी आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे घेऊन ठेवली होती; तो सगळा खर्च माझा.

असे असूनही मला परत जायचे नाही. आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि वादळानंतर बाग पुन्हा उभी करायला घरात माणूस हवा. गावातील आणखी काही मुले-मुली अशीच थांबली आहेत. आमच्यासाठी इंटरनेटची चांगली केबल ही पाण्याच्या नळाइतकी गरजेची झाली आहे. घरून काम हे धोरण म्हणून टिकले तर कोकणातील बंद घरांपैकी काही घरे उघडी राहतील, असे मला मनापासून वाटते. म्हणून अटी ठरवताना कृपया ‘कार्यालयापासून अमुक अंतरातच राहावे’ असे कलम कोणी आपणहून सुचवू नये.

लघुउद्योजक_बाणेर | २५ ऑगस्ट २०२१

मालकाच्या बाजूनेही कोणी लिहावे म्हणून लिहितो. माझी वीस-बावीस जणांची संगणक-आरेखनाची संस्था आहे. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाचा पूर्ण पगार देण्याचा आदेश निघाला आणि १८ मेपासून तो मागे घेतला गेला. त्या काळात आमच्याकडे येणे थांबलेले आणि देणे सुरू होते. मी जागेचा भाडेकरार सोडला आणि त्यातून वाचलेल्या पैशांतूनच पगार कायम ठेवता आले. म्हणजे माझ्या लोकांच्या घरांनी माझे कार्यालय वाचवले, हे मी त्यांना उघडपणे सांगितले आहे. म्हणून जानेवारीपासून आम्ही इंटरनेटचे पूर्ण बिल आणि विजेसाठी दरमहा ठरावीक रक्कम देतो. मोठ्या कंपन्यांना भाडे, एसी, बस आणि कँटीन यांवरील बचत दिसत नसेल असे मला वाटत नाही.

लक्ष ठेवण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल: दर काही मिनिटांनी पडद्याचे चित्र टिपणारी साधने विकायला बरेच जण आले. मी ती घेतली नाहीत. आरेखन करणारा माणूस अर्धा तास पडद्याकडे नुसता पाहत विचार करीत असतो, आणि त्या साधनाच्या हिशेबी तो आळशी ठरतो. काम वेळेत आणि नीट आले की नाही, एवढे मोजायला मला कोणाच्या घरात डोकावण्याची गरज नाही.

मला खरी चिंता नव्या मुलांची आहे. गेल्या वर्षभरात रुजू झालेल्या चौघांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेले नाही. पूर्वी नवा मुलगा अनुभवी माणसाच्या शेजारी बसत असे आणि अडले की पडदा वळवून विचारत असे. अर्ध्या मिनिटात शंका फिटत असे. शिवाय तो अनुभवी माणूस ग्राहकाशी फोनवर कसा बोलतो, नाही कसे म्हणतो, चूक सापडल्यावर काय करतो, हे सगळे न शिकवता कानावर पडत असे. आता अर्ध्या मिनिटाच्या शंकेसाठी कॉल ठरवावा लागतो, आणि त्याचा संकोच वाटून मुले दोन-दोन दिवस एकाच जागी अडकून राहतात. आमच्याकडे आता रोज सकाळी एक तास एक अनुभवी आणि एक नवा असे दोघे कॉल सुरू ठेवून आपापले काम करतात. बोलायलाच पाहिजे असे नाही. त्याचा उपयोग झाला आहे, पण शेजारी बसण्याची बरोबरी त्याला नाही. वरिष्ठांना घर सोयीचे वाटते ते त्यांचे शिकणे कार्यालयात होऊन गेले आहे म्हणून, हे या धाग्यावरील अनुभवी मंडळींनी लक्षात घ्यावे अशी माझी विनंती आहे.

म्युनिकवासी | २५ ऑगस्ट २०२१

जर्मनीतील स्थिती तुलनेसाठी सांगतो. येथे या वर्षी २७ जानेवारीपासून ३० जूनपर्यंत, कामाचे स्वरूप परवानगी देत असेल तर घरून काम देऊ करणे मालकांवर बंधनकारक होते. २०२० आणि २०२१ या वर्षांसाठी घरून काम केलेल्या प्रत्येक दिवसामागे ५ युरो, वर्षाला जास्तीत जास्त ६०० युरो, करपात्र उत्पन्नातून वजा करता येतात. स्वतंत्र खोलीची अट नाही. मात्र ही रक्कम प्रत्येक पगारदाराला आपोआप मिळणाऱ्या १,००० युरोंच्या वजावटीतच धरली जाते, त्यामुळे ज्यांचा इतर खर्च कमी आहे त्यांच्या हातात प्रत्यक्षात काही पडत नाही. तरीसुद्धा घर कामासाठी वापरले गेले, हे सरकारने कायद्यात लिहून मान्य केले, याला मी महत्त्व देतो. शेजारच्या फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे मोठ्या आस्थापनांना २०१७ पासूनच आवश्यक आहे.

वकील_नाशिक | २५ ऑगस्ट २०२१

आपल्याकडील कायद्याची स्थिती थोडक्यात मांडते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. त्यानुसार दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि त्यावरील कामासाठी दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्ती त्यातून वगळल्या आहेत. कामगार घरी बसून काम करतो एवढ्यावरून ही मर्यादा संपते, असे मला वाटत नाही. अडचण पुराव्याची आहे. म्हणून उशिरापर्यंत चाललेल्या बैठकीनंतर तिची वेळ नमूद करणारा एक साधा ई-मेल पाठवण्याची सवय ठेवावी.

बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असेल तर, मालक आणि कर्मचारी यांच्या परस्पर संमतीने घरून काम करण्याची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आलेली आहे, आणि ती महामारीवर अवलंबून नाही. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांचा, मसुदा प्रसिद्ध केला, त्यातही घरून कामाचा उल्लेख आहे, पण तो नेमणुकीच्या अटींवर किंवा परस्पर कराराच्या अधीन आहे. कॉल सेंटर चालवणाऱ्या आस्थापनांवरील दूरसंचार विभागाची बंधने मार्च २०२० मध्ये तात्पुरती आणि नोव्हेंबर २०२० मध्ये कायमची सैल झाली. म्हणजे कंपन्यांसाठीचे नियम लगेच बदलले. कर्मचाऱ्यांच्या बाजूचे मात्र करारावर सोडले गेले. संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काचे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते, परंतु त्याचा कायदा झालेला नाही. पगारदारांना मिळणारी ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट घरून काम केले तरी तेवढीच आहे. या परिस्थितीत मृण्मयीताई म्हणतात तसा लेखी करार हाच व्यवहार्य मार्ग आहे.

अपडाउन_डोंबिवली यांना सल्ला: पहिल्या मात्रेचे प्रमाणपत्र जोडून आणि रेल्वे पासाचा नियम नमूद करून, पास मिळण्याच्या शक्यतेच्या तारखेपर्यंत घरून काम करू देण्याची मागणी आत्ताच लेखी करावी. तोंडी बोलू नये.

फिजिओ_औरंगाबाद | २६ ऑगस्ट २०२१

करारात खुर्चीचाही समावेश करा. मान, खांदा आणि मनगट दुखण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुणांमध्ये पलंगावर मांडी घालून काम करणारे सर्वाधिक असतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत, कोपर काटकोनात आणि पाय जमिनीवर टेकलेले असावेत. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून वेगळा कीबोर्ड घेतला तरी निम्मे काम होते, आणि तो कीबोर्ड कंपनीने द्यायला हरकत नसावी.

मृण्मयी_कोथरूड | २८ ऑगस्ट २०२१

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या चमूने मनुष्यबळ विभागाला द्यायच्या पत्राचा मसुदा तयार केला आहे. त्यात असे म्हटले आहे की घरून कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहानंतरच्या बैठका आठवड्यातून दोनपेक्षा अधिक असू नयेत आणि ज्या दिवशी त्या असतील त्या दिवशी सकाळची सुरुवात उशिरा व्हावी. इंटरनेटचा खर्च कंपनीने द्यावा. खुर्ची आणि कीबोर्ड घरी नेण्याची परवानगी असावी. कॅमेरा ऐच्छिक असावा. वीज किंवा नेटवर्क गेल्यामुळे बुडालेला वेळ रजेत धरू नये. आणि कार्यालयात यायचे दोन दिवस सगळ्या चमूसाठी एकच असावेत, म्हणजे नव्या मुलांना शेजारी कोणीतरी मिळेल. बसच्या जुन्या चालकांबद्दलचा परिच्छेद वेगळा आहे. राहण्याच्या ठिकाणाबद्दल आम्ही काहीही लिहिलेले नाही.

लघुउद्योजक_बाणेर | २८ ऑगस्ट २०२१

मसुदा चांगला आहे. फक्त वीज किंवा नेटवर्कच्या कलमात तुम्ही मर्यादा घातलेली नाही, आणि त्यावरच सगळा मसुदा अडवला जाईल. वारंवार नेटवर्क जात असेल तर कंपनीने काय करावे, हेही त्यात असू द्या.

दापोलीकर | २८ ऑगस्ट २०२१

लघुउद्योजक_बाणेर यांचा आक्षेप मला माझ्या विरोधात जात असूनही रास्त वाटतो. माझी सूचना अशी की महिन्यातून दोन दिवसांपर्यंतचा खंड कामाचाच धरावा, त्याहून अधिक झाल्यास कर्मचाऱ्याने तो वेळ त्याच महिन्यात भरून द्यावा, आणि वादळ किंवा पूर यांसारखी शासनाने जाहीर केलेली आपत्ती असेल तर ही मर्यादा लागू नसावी. गेल्याच महिन्यात २२ तारखेला चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा तेथून काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्याच्या घरात लॅपटॉप सोडाच, पंख्यापर्यंत काही शिल्लक राहिले नव्हते.

मृण्मयी_कोथरूड | २९ ऑगस्ट २०२१

दापोलीकरांचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे घेतले आहेत. त्यात ‘कंपनीच्या यंत्राचे आपत्तीत झालेले नुकसान कर्मचाऱ्याकडून वसूल केले जाऊ नये’ एवढे एक वाक्य जोडले. चमूतील सर्वांच्या सह्या झाल्या आहेत, पत्र उद्या सोमवारी जाईल. उत्तर आले की येथे कळवते.